‘गुदमरून मृत्यू’ असं लिहिण्याआधी...

उन्हात उभ्या गाडीत अडकून लहान मुलं दगावतात, तेव्हा बातमीत बहुतेक वेळा एकच शब्द येतो: गुदमरून. फॉरेन्सिक सायन्स काय म्हणतं? आणि एका शब्दाने असा काय फरक पडतो?

एप्रिल-मेच्या दुपारी कसबा पेठ मेट्रो स्टेशनमधून वर या आणि पेठेतल्या गल्ल्यांमधून एक चक्कर मारा. कसबा गणपती, फणी आळी, तांबट आळी. जुने वाडे, त्यांच्या शेजारी नव्या सोसायट्या, आणि जिथे जागा मिळेल तिथे उभ्या गाड्या. काही गाड्या रोज हलतात. काही महिनोन्‌महिने जागच्या हलत नाहीत. टायर बसलेला, काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने नाव लिहिलेलं, आणि एखादं दार नीट लॉकही न झालेलं. तुमच्यासाठी ती पार्किंग अडवून बसलेली गाडी असते. पाच वर्षांच्या पोरासाठी ती लपाछपीतली सगळ्यात भारी जागा असते.

हे उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्याच्या हद्दीत तीन लहान मुलं शनिवारी दुपारी खेळायला गेली ती परत आलीच नाहीत. एक चार वर्षांचं, दोघं सहा-सहा वर्षांची. घरच्यांनी, पोलिसांनी शोधाशोध केली. रविवारी संध्याकाळी तिघंही सापडली ती घरापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या एका गाडीत. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिलमध्ये तसंच झालं. पाच आणि सात वर्षांची दोन भावंडं, घराजवळची उभी गाडी. पुढच्याच महिन्यात राजस्थानातल्या कोटा जिल्ह्यात एक कुटुंब लग्नाला गेलं. आई मोठ्या मुलीला घेऊन उतरली, वडील गाडी लावायला गेले. आईला वाटलं धाकटी वडिलांसोबत आहे, वडिलांना वाटलं ती आईसोबत गेली. ती मागच्या सीटवरच होती.

तीन घटनांमध्ये मुलं तीन कारणांनी गाडीत राहिली असं नाही, वाटा दोनच. कधी मूल स्वतः गाडीत शिरतं, कधी मोठी माणसं त्याला विसरतात. पण बातम्यांमध्ये कारण मात्र सगळीकडे जवळपास एकच छापून आलं: गुदमरून.

आता थोडं थांबून हा शब्द तपासू.

हवेचा हिशोब

‘गुदमरून’ म्हणजे हवा संपून. आता बंद गाडीतली हवा संपायला किती वेळ लागेल, याचा ढोबळ हिशोब करू. अकरावी-बारावीचं सायन्स पुरेसं आहे.

छोट्या गाडीच्या आत साधारण ३ हजार लिटर हवा मावते. त्यात २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे ६०० लिटरच्या थोडा वर. पंधरा किलोचं मूल शांत बसलं असेल तर त्याला मिनिटाला साधारण १०० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. तासाला सहा लिटर. तीन मुलं असतील तर अठरा. ती घाबरून रडतायत, काचा बडवतायत असं धरून दुप्पट करू: छत्तीस लिटर. म्हणजे पहिल्या तासात गाडीतल्या ऑक्सिजनचा सतरावा-अठरावा भाग संपला. बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड तासाभरात एक टक्क्याच्या आसपास पोचतो. तो जिवावर बेतेल एवढा साठायला अनेक तास हवेत. तेही गाडी बरणीसारखी हवाबंद आहे असं धरून. प्रत्यक्षात कुठलीच गाडी तशी नसते. एसीच्या झडपा, दाराची रबरं, फ्लोअरखालच्या फटी, सगळीकडून थोडी थोडी हवा ये-जा करत असते.

डिकीचा हिशोब वेगळा आहे, कारण तिथली जागा फारच लहान. इंजिन चालू असलेल्या गाडीचाही वेगळा, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड येतो. पण बंद इंजिनाच्या, उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या सीटवरचं मूल ऑक्सिजन संपायच्या खूप आधी दुसऱ्याच गोष्टीने जातं. उष्णतेने.

ओव्हन कसा तापतो?

काचेतून सूर्याचा प्रकाश आत येतो. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, सीट तो शोषून घेतात आणि उष्णता बाहेर टाकू लागतात. ही उष्णता काचेतून तेवढ्या सहज बाहेर पडत नाही, आणि तापलेल्या हवेला वर निसटायला जागा नसते. झालं.

याचं मोजमाप झालंय. २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या जर्नलमध्ये मॅक्लारेन, नल आणि क्विन यांचा एक अभ्यास आला. बाहेरचं तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या वेगवेगळ्या दिवशी त्यांनी उभ्या गाडीतलं तापमान मोजलं. तासाभरात गाडी सरासरी २२ अंशांनी तापली, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर २२ अंश असताना! म्हणजे आपल्या पुण्यातल्या डिसेंबरच्या दुपारपेक्षाही थंड.

या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आहे. त्यांनी काचा साधारण दीड इंच खाली ठेवूनही मोजलं. फरक? जवळजवळ शून्य. काचा बंद असताना दर पाच मिनिटांना ३.४ अंश फॅरनहाइट वाढ, काचा किलकिल्या असताना ३.१.

आता कळलं का शब्दाने काय फरक पडतो ते? ‘गुदमरून’ वाचलं की डोकं आपोआप उत्तर शोधतं: हवा हवी, काच थोडी खाली ठेवू. मेडिकलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, लेकरू झोपलंय, काच दोन बोटं उघडी आहे, काळजी नाही. हा उपाय ज्या आजारावर आहे तो आजारच इथे नाही.

आणि सावली? अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये टेम्पी शहरातल्या कडक उन्हाळ्यात हे तपासलं. तासभर उन्हात उभ्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांच्या आसपास गेली, डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत. सावलीतल्या गाड्यांमध्ये हवा ३८ अंश. दोन वर्षांच्या मुलाचं शरीर गृहीत धरून त्यांनी गणित मांडलं: उन्हातल्या गाडीत सुमारे एका तासात, आणि सावलीतल्या गाडीत दोन तासांच्या थोडं आत मुलाच्या शरीराचं तापमान उष्माघाताच्या, म्हणजे ४० अंशांच्या पातळीला पोचू शकतं. थोडक्यात, सावली फक्त वेळ वाढवून देते.

मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं, असं अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसए सांगते. शिवाय दार उघडून बाहेर पडणं, हॉर्न दाबणं, फोन करणं हे मोठ्यांना सुचतं. सीटला पट्ट्याने बांधलेल्या बाळाला नाही.

शरीर काय सांगतं, काय नाही

तुम्ही क्राइम सिरीज बघत असाल तर तुमची अपेक्षा अशी असेल: डॉक्टर शवविच्छेदन करतात, चष्मा वर सरकवतात आणि कारण सांगून टाकतात. उष्माघातात असं होत नाही.

त्याची स्वतःची अशी कुठलीही खूण शरीरात नसते. फुप्फुसात पाणी, अवयवांमध्ये रक्त साठलेलं, छातीच्या आतल्या अवयवांवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. एवढंच दिसतं. आणि गंमत नाही, पण गोची अशी की हीच चिन्हं पिढ्यान्‌पिढ्या श्वास कोंडल्याची चिन्हं म्हणूनही शिकवली गेली. बंद गाडी, त्यात हे ठिपके. ‘गुदमरून’ हा निष्कर्ष किती सहज निघू शकतो बघा.

म्हणून उष्माघात हे निदान वजाबाकीने होतं. आधी बाकीची कारणं खोडायची. अंगावर मार आहे का? गळ्यावर खूण? विष किंवा औषध दिलं होतं का? त्यासाठी व्हिसेरा राखून ठेवतात. आपल्या पुण्यातली अशी सँपल्स गणेशखिंड रोडवरच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो रक्तात हिमोग्लोबिनला चिकटलेला सापडतो आणि त्वचेवर लालसर गुलाबी झाक दिसते. आधीचा हृदयाचा आजार, जंतुसंसर्ग, हेही तपासायचं. डोळ्याच्या आतल्या द्रवात सोडियम आणि युरिया वाढलेलं असेल, तर शरीरातलं पाणी हळूहळू कमी होत गेलं असा अर्थ निघतो. पण मृत्यू तास-दीड तासातच झाला असेल तर तिथेही काही दिसेलच असं नाही.

१९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेतल्या शवचिकित्सकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९७ मध्ये उष्णतेच्या मृत्यूंसाठी निकष मांडले. कोसळताना शरीराचं तापमान ४०.६ अंश किंवा जास्त असेल तर प्रश्न मिटला. पण ते कोणी मोजलेलंच नसेल, तर बाकी कारणं वगळून आणि आजूबाजूची परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा, असं त्यात आहे.

‘आजूबाजूची परिस्थिती’ हे शब्द लक्षात ठेवा. सगळी मेख तिथे आहे.

बिघडलेलं घड्याळ

मृत्यू कधी झाला, हे सांगायला फॉरेन्सिककडे काही घड्याळं असतात. त्यातलं पहिलं म्हणजे शरीर थंड होण्याचा वेग. जिवंत माणसाचं शरीर ३७ अंश, खोली २५ अंश. मृत्यूनंतर तापमान हळूहळू उतरत जातं आणि त्यावरून मागे मोजता येतं. पण गाडीच्या आत ५० अंश असतील तर? शरीर थंड होणारच नाही. उलट आणखी तापेल. दुसरं घड्याळ म्हणजे शरीर आखडणं. उष्णतेत ते लवकर सुरू होतं आणि लवकर संपतं. तिसरं म्हणजे कुजण्याची प्रक्रिया. तीही उष्णतेत पळते. तीनही घड्याळं पुढे धावतात किंवा बंद पडतात.

आणखी एक अडचण. उष्णतेने कातडी सुटते, फोड येतात, गरम बकल किंवा सीटला टेकलेला भाग भाजतो. न सरावलेल्या डोळ्याला ते मारहाणीसारखं किंवा चटके दिल्यासारखं वाटू शकतं. एखाद्या आईबापावर आयुष्यभराचा डाग लागायला तेवढं पुरतं. उलट खरा छळ झाला असेल तर तो ‘उन्हाने झालं’ म्हणून सुटूही शकतो. दोन्हीकडून चूक महागच.

खरा साक्षीदार गाडी

मग उत्तर कुठे मिळतं? गाडीत. डेडहाउसमधल्या टेबलावर अर्धी गोष्ट असते. उरलेली अर्धी घटनास्थळ पंचनाम्यात असते, किंवा नसते.

गाडी उन्हात होती की सावलीत, आणि दुपारभर सावली कशी सरकली? काचा किती खाली होत्या? मागच्या दाराचं चाइल्ड लॉक चालू होतं का? हे लॉक म्हणजे दाराच्या कडेला असलेली एक छोटी खिट्टी. ती लावली की मागचं दार आतून उघडत नाही. मूल बाहेर का पडू शकलं नाही, याचं उत्तर अनेकदा या खिट्टीत असतं. सेंट्रल लॉक बॅटरीवर चालतं, मग महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी जिवंत होती का? दाराचं हँडल तुटलेलं होतं का?

काचेच्या आतल्या बाजूवर छोट्या तळव्यांचे ठसे आहेत का, किती उंचीवर? मूल गाडीत फिरत होतं की सीटला बांधलेलं होतं, हे त्यावरून कळतं. बाहेरच्या हँडलवर, धुळीत छोट्या बोटांचे ठसे असतील तर मूल स्वतः आत शिरलं याला बळ मिळतं.

मग येतो प्रयोग. तीच गाडी, तीच जागा, तशाच हवामानाचा दिवस. आत तापमान नोंदवणारी यंत्रं ठेवायची आणि दर काही मिनिटांनी आकडे घ्यायचे. सोबत हवामान खात्याच्या त्या दिवसाच्या नोंदी. मग सांगता येतं की अमुक वाजता गाडीत इतके अंश होते.

आणि शेवटी वेळेचे डिजिटल साक्षीदार. गल्लीतला सीसीटीव्ही, टोलवरचा फास्टॅग, फोनचं लोकेशन. नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दार कधी उघडलं, कधी बंद झालं याच्याही नोंदी मिळू शकतात. शरीराचं घड्याळ बंद पडलेलं असतं तेव्हा ही घड्याळं चालू असतात. फक्त कोणीतरी वेळेत विचारायला हवं, कारण बरेच सीसीटीव्ही काही दिवसांत जुनं फुटेज पुसून त्यावरच नवं भरतात.

सगळा पुरावा असूनही

एवढं सगळं मिळालं की निकाल लागतो का? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली एक केस यासाठी वाचायलाच हवी.

१८ जून २०१४. जस्टिन रॉस हॅरिस सकाळी आपल्या २२ महिन्यांच्या मुलासोबत रेस्टॉरंटमध्ये नाश्ता करतो. तिथून ऑफिस काही मिनिटांवर. मुलाला पाळणाघरात सोडायचं असतं, पण तो थेट ऑफिसला जातो. मूल मागच्या सीटवर सुमारे सात तास राहतं. मधे दुपारी तो विकत आणलेले बल्ब ठेवायला गाडीपाशी येऊनही जातो. संध्याकाळी गाडी घेऊन निघाल्यावर मुलाकडे लक्ष गेलं, असं त्याचं म्हणणं.

मृत्यू उष्णतेने झाला यावर वाद नव्हता. वाद एकाच गोष्टीचा होता: विसरला की मुद्दाम सोडलं? बल्ब ठेवतानाचं सीसीटीव्ही होतं. गाडीचं थ्रीडी स्कॅन होतं. फोन आणि कॉम्प्युटर होते. सुरुवातीला बातम्या आल्या की त्याने ‘गरम गाडीत मृत्यू’ असं इंटरनेटवर शोधलं होतं. देश पेटला. खटल्यात मात्र समोर आला तो एका प्राण्यांच्या डॉक्टरचा व्हिडिओ. कुत्र्यांना गाडीत सोडू नका हे सांगण्यासाठी तो डॉक्टर स्वतः तापलेल्या गाडीत बसला होता, आणि घटनेच्या काही दिवस आधी हॅरिसने तो पाहिला होता. सर्च करणं आणि समोर आलेला व्हिडिओ बघणं यात किती अंतर आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तुमची आजची रील्स हिस्ट्री उद्या कोर्टात वाचली गेली तर?

त्याच फोनमध्ये अनेक स्त्रियांसोबतचे अश्लील मेसेज होते, एका अल्पवयीन मुलीसोबतचेही. सरकारी पक्षाचं म्हणणं, याला संसारातून सुटायचं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ज्युरीने त्याला खुनाचा दोषी ठरवलं. पॅरोलशिवाय जन्मठेप.

जून २०२२ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी खुनाची शिक्षा रद्द केली. कारण, त्या मेसेजेसचा ढीग ज्युरीसमोर ठेवल्याने तो वाईट नवरा आहे हे ठसलं, पण मुलाला मुद्दाम मारलं का या प्रश्नाशी त्यातल्या बऱ्याचशा भागाचा संबंध तोकडा होता. मे २०२३ मध्ये सरकारी पक्षाने पुन्हा खटला न चालवण्याचं ठरवलं. अल्पवयीन मुलीशी संबंधित गुन्ह्यांची शिक्षा कायम राहिली. ती भोगून तो जून २०२४ मध्ये बाहेर आला.

तो निर्दोष होता की नाही, हे मी सांगत नाहीये. मुद्दा एवढाच की पुरावा ‘कुठे, कधी, किती वेळ, किती अंश’ सांगतो. मनात काय होतं, ते तो फार क्वचित सांगतो. आणि ती रिकामी जागा आपण बहुतेक वेळा त्या माणसाबद्दलच्या रागाने भरून टाकतो.

‘स्वतःचं मूल कोणी विसरतं का?’

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. सगळ्यांच्याच येतो. अमेरिकेत १९९८ पासून जॅन नल या हवामानतज्ज्ञाने ठेवलेल्या नोंदींनुसार गाडीत उष्माघाताने गेलेल्या मुलांची संख्या हजाराच्या वर आहे. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना कोणीतरी विसरलं होतं. साधारण पाव मुलं स्वतः गाडीत शिरली होती.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले मेंदूविज्ञानाचे अभ्यासक डेव्हिड डायमंड याचं कारण सांगतात. रोजच्या वाटेवर मेंदूचा सवयीचा भाग गाडी चालवतो. ‘आज आधी पाळणाघर’ हे लक्षात ठेवणं दुसऱ्या भागाचं काम. झोप कमी, डोक्यात ताण, मागच्या सीटवरचं बाळ गप्प झोपलेलं; सवय जिंकते. कॉलेज सुटल्यावर क्लासला जायचं असताना गाडी आपोआप घराकडे वळलीये ना तुमची कधी? यंत्रणा तीच.

२०१० चं फीचर रायटिंगचं पुलित्झर पारितोषिक ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जीन वाइनगार्टन यांना याच विषयावरच्या लेखासाठी मिळालं. पत्रकारिता शिकणाऱ्यांनी तो लेख शोधून वाचाच. १९९० च्या दशकात एअरबॅगच्या धोक्यामुळे अमेरिकेत मुलांना मागच्या सीटवर बसवायला सुरुवात झाली. त्याने अपघातात जीव वाचले, पण मूल नजरेआड गेलं. नंतर इटलीने नोव्हेंबर २०१९ पासून चार वर्षांखालच्या मुलांच्या सीटला विसरल्यास इशारा देणारं उपकरण कायद्यानेच सक्तीचं केलं.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे अशा घटनेत सहसा ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ होते. पंचनामा होतो, पीएम होतं, आणि संशयास्पद काही नसेल तर फाइल बंद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६ (३) आलं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायलाच हवं, असं ते म्हणतं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. चांगलंच आहे. पण निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे न्याय संहितेचं कलम १०६ (१), त्याची कमाल शिक्षा सर्वसाधारणपणे पाच वर्षं. अकस्मात मृत्यू तर गुन्हाच नाही. म्हणजे जिथे सगळी गोष्ट घटनास्थळी दडलेली असते, नेमक्या त्याच घटनेत तज्ज्ञांनी तिथे जाणं सक्तीचं नाही.

कोट्याच्या घटनेत आईवडिलांनी तक्रार करायला आणि शवविच्छेदनाला नकार दिला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्यांच्या जागी उभं राहून बघा, दोष देववत नाही. पण शवविच्छेदन नाही म्हणजे नोंद नाही. एनसीआरबीच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात उष्माघाताचा रकाना आहे. गाडीत अडकलेल्या मुलांचा वेगळा नाही. जे मोजलंच जात नाही त्याच्यासाठी नियम कोण करणार, इशारा देणारं उपकरण कोण मागणार? ‘गुदमरून’ हा शब्द तिथेच राहतो, काच दोन बोटं खाली करण्याचा सल्लाही तिथेच राहतो.

तुम्ही काय करू शकता?

मूल हरवलं असेल तर विहीर, रस्ता, नातेवाईक शोधायच्या आधी आसपासच्या सगळ्या उभ्या गाड्या आणि डिक्या बघा. नागपुरात आणि अँटॉप हिलमध्ये मुलं घराजवळच होती.

बंद गाडीत मूल दिसलं तर मालकाची वाट बघू नका. ११२ ला फोन करा, अँब्युलन्ससाठी १०८. मूल निपचित असेल तर त्याच्यापासून लांबची काच फोडा. जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या अशा नुकसानीला न्याय संहितेचं कलम १९ संरक्षण देतं. मुलाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

जीव वाचवणं पहिलं. त्यानंतर, शक्य असेल तर, किती वाजलेत ते लक्षात ठेवा. काचा, लॉक, गाडीवरचं ऊन यांचा फोटो काढा, पण मुलाचा नको. तो फोटो पोलिसांना द्या, ग्रुपवर नको.

तुमची स्वतःची गाडी असेल तर लावल्यावर प्रत्येक दार ओढून बघा, चावी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. भाच्याला किंवा पुतणीला घेऊन निघालात तर फोन किंवा सॅक मागच्या सीटवर ठेवा, म्हणजे उतरताना मागे वळावंच लागेल. वाड्यात किंवा सोसायटीत बेवारस गाडी उघडी असेल तर मालकाला सांगा, नाहीतर वॉर्ड ऑफिसला कळवा.

आणि तुम्ही माझ्यासारखे मास कॉमवाले असाल, उद्या डेस्कवर अशी बातमी आली आणि हेडिंग तुम्हाला द्यायचं असेल, तर आधी रिपोर्टरला विचारा: पीएम झालं का, कारण काय दिलंय, गाडी उन्हात होती का, बाहेर तापमान किती होतं? उत्तर मिळेपर्यंत ‘बंद गाडीत अडकून मृत्यू’ एवढंच लिहा. आणि कारण उष्णता असं कळलं, तर हेडिंगमध्ये ‘उष्णतेने’ हा शब्द आलाच पाहिजे. तो वाचून एखाद्या घरात तरी कोणी काच दोन बोटं खाली करण्याऐवजी मुलाला कडेवर घेऊन उतरेल.